तिच्या खोलीतली ओल

छातीच्या डॉक्टर मॅडमनी मला तीन प्रश्न विचारले होते. घरात कबुतरं येतात का? मी म्हणालो, नाही. उन्हाळ्यात कूलर लावता का? लावतो म्हणालो, वर्ध्यात कूलर लावल्याशिवाय कोण जगतं? मग त्यांनी विचारलं, "या झोपतात त्या खोलीत ओल आहे का? भिंतीवर काळे डाग, बुरशी, कुबट वास?"

बायको माझ्या शेजारीच चाकांच्या खुर्चीत बसली होती. नाकात ऑक्सिजनची नळी. तिच्याकडे न बघता मी म्हणालो, "नाही. तसं काही नाही."

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्या पुढच्या तपासणीकडे वळल्या.

माझी सगळी नोकरी तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली. फायलींचा बस्ता सोडायच्या आधीच, नुसत्या वासावरून मी सांगायचो की आतल्या कागदाला बुरशी लागली आहे. त्या माणसाला स्वतःच्या बायकोच्या खोलीतला वास कळला नसेल, यावर कोण विश्वास ठेवेल? कळला होता. पण त्या खोलीत तिला मीच नेऊन ठेवलं होतं.

नालवाडीत आमचं घर आहे. प्लॉट खोलगट होता म्हणून बांधताना खाली अर्धं जमिनीत गेलेलं बेसमेंट काढलं आणि त्यावर राहायचं घर. अंगणातून घरात जायला बारा पायऱ्या. बेसमेंटमध्ये उतरायला मात्र स्कूटरसाठी केलेला सिमेंटचा उतार. तिथे स्कूटर, सायकल, जुन्या खुर्च्या, लग्नात मिळालेली पितळी भांडी. पंचवीस वर्षं ते असंच होतं.

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. गिरडकडच्या एका खेड्यात, मग अल्लीपूरजवळ. आवाज असा की शाळेच्या पटांगणात ती हजेरी घ्यायला लागली की रस्त्यावरचा माणूस थांबायचा. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी तिला खोकला लागला. कोरडा, न संपणारा. सकाळच्या वंदनेत आधी "बुद्धं सरणं गच्छामि" एका दमात व्हायचं. मग "सरणं"पाशी तिला थांबावं लागलं. मी समोर डोळे मिटून बसायचो आणि तिचा श्वास कुठे तुटतो तेच ऐकत राहायचो. वंदना माझीही होत नव्हती.

फुफ्फुसं कडक होत चालली आहेत असं कळलं. बारा पायऱ्यांपैकी पाचवीवर ती बसायला लागली. एका दुपारी दवाखान्यातून आलो, ती पाचव्या पायरीवर बसली ती उठेचना. ओठ निळसर झालेले. अर्धा तास उन्हात आम्ही तिथेच. त्याच आठवड्यात मी बेसमेंट रिकामं केलं. पोपटी रंग दिला. पलंग, लोखंडी कपाट, बाजूला छोटी मोरी होती तिथे कमोड बसवला. अंगणाच्या पातळीला दोन खिडक्या येतात, त्यातल्या एकीत कूलर लावला. मे महिना होता. वर छताखाली उभं राहवत नव्हतं आणि खाली गारवा.

"हे तं हिल स्टेशन झालं," ती म्हणाली. खूप दिवसांनी हसली होती.

दोन महिने तो कूलर अहोरात्र चालला. खस मी स्वतः बदलायचो, टाकीत पाइप लावून पाणी भरायचो. बंद, अर्ध्या जमिनीत गेलेल्या खोलीत मी माझ्या हातांनी बादल्याच्या बादल्या पाणी हवेत सोडत होतो आणि रोज संध्याकाळी तिला विचारत होतो, बरं वाटते ना?

पावसाळ्यात चादरी दमट लागायला लागल्या. भिंतीला खालून पांढरा खार फुटला, पोपटी रंगाचे पोपडे सुटले. मी ते झाडून टाकायचो आणि उदबत्ती लावायचो; तिला उदबत्तीनेही खोकला यायचा, म्हणून तीही बंद केली. श्रावणात तिला ताप आला, बोटाला लावायच्या यंत्रात ऑक्सिजन खाली खाली जायला लागला आणि मोठ्या दवाखान्यात भरती करावं लागलं. ते तीन प्रश्न तिथलेच.

नवव्या दिवशी सुट्टी मिळाली. घरी ऑक्सिजनचं यंत्र आलं. तिला उतारावरून हळूहळू खाली आणलं, पलंगावर बसवलं. ऑक्सिजनच्या यंत्राला जागा करायची म्हणून मी कपाट ओढलं. कपाटामागची भिंत वरपासून खालपर्यंत काळी होती. काळी म्हणजे मखमलीसारखी, हात लावला तर बोटाला येणारी. तिचा पलंग त्या भिंतीपासून हातभर अंतरावर होता.

मी कपाट परत जागेवर लोटलं. तिने पाहिलं का, ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हणालो, "वर जाऊ. खुर्चीत बसवून चौघं उचलून नेऊ. इथं नको."

ती एकेक शब्द तोडत बोलत होती. "वर न्यान तं मंग खाली चौघंच आणतीन मले. दर आठ दिवसानं दवाखाना. एकाएकी कमीजास्त झालं तं कोण उचलन? तुमी?" मग दम घेऊन म्हणाली, "इथून मले गाडी दिसते. उतारावरून लोटलं का गाडीत. मले इथंच राहू द्या."



आमची मुलगी पुण्याला असते, तिला फोन केला. तिच्याशीही मी खरं बोललो नव्हतो, आता बोललो. ती म्हणाली, "बाबा, आधी ब्लीचिंगचं पाणी करून भिंत पुसा. आई खोलीत असताना नाही, तिला अंगणात बसवून. तोंडाला फडकं बांधा. आणि हवेतलं पाणी ओढून घेणारी मशीन मिळते. डिह्युमिडिफायर."

भिंत तिने सांगितली तशी पुसली, तो शब्द पाठ केला आणि वर्ध्याच्या बाजारात गेलो. दुकानदाराने उत्साहाने डबा काढून दिला. घरी आणून लावला तर त्यातून वाफ निघायला लागली. ते हवेत ओल सोडणारं यंत्र होतं, आमच्या गरजेच्या बरोबर उलट. ती पलंगावरून त्या वाफेकडे पाहत होती.

"कूलर कमी पडला का?" ती म्हणाली.

तिला गंमत करायची असेल. मला तिच्यासमोर उभं राहवेना. ऑनलाइन दुसरं मागवलं. तांब्याएवढं, दिसायला सुंदर, निळा दिवा. सोबत हवेतली ओल मोजून आकडा दाखवणारा एक छोटा मीटर घेतला, तो पलंगाच्या उशाला टांगला. मीटर सांगत होता अठ्ठ्याऐंशी. तीन दिवस ते यंत्र चाललं. तिसऱ्या दिवशी मी त्याचं भांडं काढलं तर अर्धा कप पाणी होतं. मीटर अठ्ठ्याऐंशीवरच. मी ते भांडं हातात धरून पलंगाच्या कडेला बसलो. त्या तीन दिवसांत तिची ऑक्सिजनची गरज दोनवरून तीन लिटरवर गेली होती.

मग मी रेकॉर्ड रूमची जुनी सवय बाहेर काढली: बसून नीट वाचलं. असली तांब्याएवढी यंत्रं कपाटापुरती असतात. खोलीला फ्रीजसारखा कॉम्प्रेसर असलेलं यंत्र लागतं, आणि ते दिवसाला किती लिटर पाणी ओढतं त्यावर घ्यायचं. किती मोठी खोली, ओल नुसती वासापुरती आहे की भिंतीला हात लावला तर ओला होतो, हे आधी पाहायचं. आमचा हात ओला होत होता. वीज जाऊन आल्यावर यंत्र आपोआप सुरू होतं का, हे विचारायचं. टाकीशिवाय पाइप लावून पाणी मोरीत सोडता येतं का, तेही. मी टेप घेऊन खोली मोजली. ती विचारत होती, "काय मोजून राह्यले?" मी म्हणालो, पडद्यासाठी.

वीस लिटरचं यंत्र नागपूरहून आलं. गुडघ्याच्या वर उंची, खाली चाकं. भिंतीपासून वीतभर लांब ठेवलं, चालू केलं. चार तासांत टाकी भरून लाल दिवा लागला. एवढं पाणी! मी टाकी तिला नेऊन दाखवली, जसं काही मी विहीर खोदून आलो होतो. ती टाकीत डोकावली.

"हे सगळं मी श्वासात घेऊन राह्यली होती?"

मी टाकी मोरीत ओतली. पुन्हा भरली. पुन्हा ओतली. दुसऱ्या दिवशीही तेच. मीटर चौऱ्याऐंशी. तिसऱ्या दिवशी त्र्याऐंशी. बाहेर पाऊस थांबत नव्हता. बादल्या ओतून माझी कंबर गेली होती आणि आकडा तिथल्या तिथे. चौथ्या दिवशी मी त्या यंत्राला लाथ मारली. खरंच मारली. ती दचकून उठली आणि खोकत सुटली. खोकला वीस मिनिटं थांबला नाही.

मुलीला फोन केला. तिने एकच विचारलं, "बाबा, खिडक्या बंद आहेत ना?"

खिडक्या उघड्या होत्या. दोन्ही. लहानपणापासून आपण काय शिकलो? ओल आली की खिडक्या उघडा, हवा खेळती ठेवा. मी त्या पावसात खिडक्या उघड्या ठेवून नालवाडीचं आभाळ वाळवत बसलो होतो.

मी खिडक्या लावल्या. फटींना कापडाच्या पट्ट्या ठोकल्या, कूलर काढून त्या जागी प्लायवूड बसवलं. दार लोटलं. आकडा उतरायला लागला, डोळ्यांदेखत. एकोणऐंशी, शहात्तर, बाहत्तर. पण ते यंत्र चालताना गरम हवा सोडतं. वाचताना मी हे वाचलं होतं, मनावर घेतलं नव्हतं. दुपारी दोनपर्यंत खोली तापली. पंखा ती गरम हवाच फिरवत होता.

"खिडकी उघडा," ती म्हणाली.

"थोडं थांब. सत्तरवर आलं आहे."

"मले दम नाई पुरून राह्यला. उघडा."

मी तिच्या बोटाला यंत्र लावलं. ऑक्सिजन ठीक होता. मी तिला तो आकडा दाखवला. "पाह्य, ब्याण्णव आहे. नुसतं वाटते तुले."

"वाटते?" तिने माझा हात झटकला. "श्वास माहा का त्या मीटरचा? मले जिवंत गाडून राह्यले का तुमी? उघडा म्हणते ना! उघडा!"

तिचा तो पटांगणातला आवाज आला, कित्येक वर्षांनी, आणि मधेच तुटला. तिने नाकातली नळी ओढून काढली. पलंगावरून उतरायला लागली, खिडकीकडे. मी तिला धरलं आणि तिने मला ढकललं. चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांना असा हात लावला नव्हता. मी तिला तिथेच, फरशीवर, धरून बसलो, एका हाताने नळी तिच्या नाकाशी धरून. ती रडत होती, रडल्याने दम लागत होता, दम लागल्याने भीती वाटत होती. समोर मीटरवर अडुसष्ट. उघडावं तर तिला विष श्वासात द्यावं, न उघडावं तर ती अशी.

मी उठलो आणि ठोकलेली पट्टी उपसून खिडकी उघडली. पावसाचा सपकारा आत आला. ती डोळे मिटून हवा ओढत राहिली. मीटर वर चढायला लागला. मी तो खुंटीवरून काढून खिशात टाकला.

त्या दिवसानंतर मी पद्धत बदलली. उताराच्या वरच्या टोकाशी, अंगणात, चार पत्रे टाकून घेतले, बाजूने मोकळे. सकाळी तिला खुर्चीतून तिथे न्यायचं, ऑक्सिजनचं यंत्र लांब वायर लावून शेजारी. ती पाऊस पाहत बसायची, शेजारणींशी दोन शब्द बोलायची. खाली दार-खिडक्या बंद करून मशीन पूर्ण जोरात. संध्याकाळी तिला आणायच्या आधी अर्धा तास मशीन मंद गतीवर ठेवून पंखा लावायचा म्हणजे खोली निवायची. रात्री एक खिडकी चार बोटं उघडी. हे चार बोटं तिने ठरवलं, मी नाही. जाळी काढून धुवायची दर रविवारी. वीज गेली तर आल्यावर खाली जाऊन बटण दाबायचं, कारण दुकानदाराने आपोआप सुरू होते असं सांगितलं होतं आणि ती होत नव्हती.

संध्याकाळी आकडा अठ्ठावनपर्यंत यायचा. सकाळी पुन्हा पंचाहत्तर, अठ्ठ्याहत्तर. चार बोटं उघड्या खिडकीने एवढं होत नाही, हे मला कळत होतं. पाणी आतूनच कुठून तरी येत होतं.

एक मिस्त्री बोलावला. तो भिंतीवर बोटाने टकटक करत फिरला आणि कपाटामागच्या भिंतीशी थांबला. "काका, हे जमिनीचं पाणी नाई. जमिनीचं पाणी खालून चढते. हे वरून उतरून राह्यलं. वर काय हाय?"

वर न्हाणी होती. माझी. रोज सकाळी मी तिथे दोन बादल्या पाण्याने आंघोळ करत होतो, तिचे कपडे धूत होतो.

तिला अंगणात बसवून त्याने प्लास्टर फोडलं. न्हाणीच्या सांडपाण्याच्या पाइपचा एक सांधा भिंतीच्या आत सुटलेला होता. किती वर्षांपासून ते कोणाला ठाऊक. थेंब थेंब. त्याने नवीन पाइप बाहेरून काढून दिला, भिंत उघडीच ठेवायला सांगितली. "मशीन भिंतीकडं तोंड करून ठेवा. वाळू द्या. प्लास्टरची घाई नका करू."

तीन आठवडे ती विटांची उघडी जखम आमच्या खोलीत होती. मधे प्लास्टिकचा पडदा लावून मी तिचा पलंग दुसऱ्या टोकाला नेला. यंत्र दिवसाला पंधरा लिटर काढायचं, मग दहा, मग सहा. सकाळचा आकडा साठच्या खाली आला तेव्हा मी कोणाला सांगितलं नाही. माझा विश्वास उडाला होता आकड्यांवरचा.

पुढच्या तपासणीला मी मॅडमसमोर बसलो आणि त्यांनी काही विचारायच्या आधीच बोललो. "मागच्या वेळी मी खोटं सांगितलं. ओल होती. बुरशी होती. खूप."

मॅडमनी पेन ठेवला. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, आता कशी आहे खोली? मी पिशवीतून वही काढली. महिन्याभराचे सकाळ-संध्याकाळचे आकडे. त्यांनी पानं उलटली.

"हे तेव्हाच कळलं असतं तर औषध तेव्हाच बदललं असतं," त्या म्हणाल्या. "आता बदलते. पण जे कडक झालं आहे ते परत मऊ होणार नाही, काका. आहे ते टिकवायचं."

मी मान हलवली. किती टिकेल हे विचारलं नाही.

परतताना ऑटोत मी रस्त्याकडे पाहत होतो. बायको म्हणाली, "तुमाले वाटते मले माहीत नवतं?"

"काय?"

"मी बाजूलेच होती ना. तुमी नाई म्हणले, मी बी गप राह्यली. कपाटामागं काय हाय ते मले तुमच्या आधी माहीत होतं. पलंगावर पडलं का तिथूनच वास ये. मले वाटलं, खरं सांगतलं तं वर न्या म्हणतीन. नाई तं दवाखान्यातच ठेवून घेतीन." ती थोडी थांबली, दम घेतला. "दोघांनी मिळून केलं. तुमी एकटेच काऊन घेऊन बसले डोक्यावर?"

तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मला त्याने हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ती ते बोलताना दोनदा थांबली होती आणि मी थांबे मोजत होतो.

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली. भिंत वाळली, प्लास्टर झालं, पांढरा चुना लावला. खोकला खरंच कमी झाला. ऑक्सिजन दोन लिटरवर आला आणि तिथेच राहिला. ती वाचायला लागली, पत्र्याखाली बसून शेजारच्या मुलींची शुद्धलेखनं तपासायला लागली, लाल पेनने, निर्दयपणे. मुलगी येऊन चार दिवस राहून गेली.

एका दुपारी मीटर शेहेचाळीस दाखवत होता. ती जेवून झोपली होती. आता गरज नाही म्हणून मी पहिल्यांदाच मशीन पूर्ण बंद केली, प्लग काढला. खोलीत शांतता झाली. तीन महिने ती घरघर सतत कानात होती, तिची सवय झाली होती. घरघर थांबल्यावर मला तिचा श्वास ऐकू आला. वरवरचा, घाईचा, प्रत्येक श्वासाच्या शेवटी बारीक कुरकुर, कोरडं पान चुरगाळल्यासारखी. तो इतके दिवस तिथेच होता, यंत्राच्या आवाजाखाली.

मी पलंगाजवळ उभा राहून ऐकलं. किती वेळ, माहीत नाही. मग प्लग लावला आणि मशीन चालू केली.

तिने डोळे उघडले. "काऊन लावली? कोरडं तं हाय."

"असू दे," मी म्हणालो. "झोप तू."